शत्रूच्या विहिरीचा पहिला घोट

फार पूर्वी वेणुवती नगरात दुर्धर राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या छुप्या पथकाचा नायक होता. नाव सुतेज. वेश पालटून शत्रूच्या मुलखात शिरावे, पूल तोडावा आणि गाजावाजा न करता परतावे, हे त्याचे काम.

शेजारचा शिलाकोट किल्ला वेढा घालूनही काही केल्या पडेना. राजाने सुतेजच्या हाती विषाची पुडी दिली. "किल्ल्यात एकच विहीर आहे. पुढचं सांगायला नको."

कुंभारांच्या वेशात पथक भर दुपारी विहिरीवर पोहोचले. सामा नावाची म्हातारी पाणी शेंदत होती. परक्या माणसाने पहिला घोट घ्यावा, मग घरची घागर भरावी, अशी तिथली रीत. तिने पोहरा पुढे केला. एक जण प्यायला वाकला आणि बाकीचे सवयीने त्याच्याकडे पाठ करून चहूकडे नजर ठेवत उभे राहिले. कुंभार कधी असे पाणी पितात? सगळे सोंग तिथेच उघडे पडले.

"शिपाई दिसता," सामा म्हणाली. "माझा लेक असंच पाणी प्यायचा. तुमच्याच लढाईत गेला."

सुतेजचा सोबती कंबल याने कट्यारीला हात घातला. सुतेजने त्याचे मनगट धरले. "मग ओरडत का नाहीस, आजी?"

"आधी पिऊन घ्या. मग ओरडते."

ती ओरडली खरी, पण ते वेशीबाहेर पडल्यावर.

दरबारात सुतेजने पुडी राजापुढे टाकली. "महाराज, पूल सांगा, तोडतो. हे माझ्याने होणार नाही."

"मग कंबल करील!" राजा कडाडला.

"करू दे. पण त्या विहिरीचा पहिला घोट मी घेणार."

तलवार तिथेच ठेवून तो निघाला. त्याला अडवायची कोणाची छाती झाली नाही. शिलाकोटात त्याने सामाला सगळे खरे सांगितले. तिने त्याला विहिरीच्या काठावर जागा दिली. रोज पहिला पोहरा तो पिई.

एके दिवशी टोपल्या विकणाऱ्याच्या वेशात कंबल आला. "नायक, बाजूला व्हा. हुकूम आहे."

"हुकूम पाळ. पाणी मी पिणारच."

पुडी कंबलच्या मुठीत होती, पण मूठ उघडली नाही. शेवटी पुडी कमरेला खोचून तो रडतच पोहऱ्याशी वाकला. त्याचे पिऊन होईपर्यंत सुतेज त्याच्याकडे पाठ करून पहारा देत उभा राहिला.

त्यानंतर पथकातला एकही जण विष न्यायला तयार होईना. राजाला वेढा उठवावा लागला.

ही कथा संपवून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "तो राजा म्हणजे संघात आज कलह माजवणारा भिक्षू. कंबल म्हणजे त्याची बाजू सोडून काल परत आलेला त्याचा मित्र. सामा म्हणजे कलहातल्या दोन्ही बाजूंना सारखीच भिक्षा वाढणारी उपासिका. आणि सुतेज मीच होतो. याला मैत्री म्हणतात, भिक्षूंनो. भित्र्याला ती जमत नाही."