नावेवरची चुन्याची रेघ

ही गोष्ट फार फार जुन्या काळची. इतकी जुनी, की तेव्हा बगळे अजून खरं बोलत असत.

एका नदीच्या काठी एक नावाडी राहत होता. त्याचा लठ्ठपणा सांगता सांगता जीभ दमेल. तो आंघोळीला नदीत उतरला की खालच्या गावात पूर येई. दुपारी काठावर आडवा झाला की गुराखी आपली गुरं त्याच्या सावलीला आणून बसवीत. खोटं वाटत असेल, तर त्या गुरांना विचारावं.

हा नावाडी नावेच्या पुढच्या टोकाला उभा राहून बांबूने नाव रेटायचा. मागच्या टोकाला सुकाणू धरून त्याची बायको बसायची. नावाडीण अंगाने बेताची आणि बोलायला त्याहून बेताची. तिच्या असण्याची खूण म्हणजे तिच्या हातातल्या काचेच्या बांगड्या. सुकाणू वळलं की त्या किणकिणत, आणि मागे न बघताच नावाड्याला कळे, की नाव वळली.

त्या गावात एक रीत होती. नवरा जेवल्याशिवाय बायकोने घास तोंडात घालायचा नाही, आणि मग जेवायचं तेही त्याच्याच ताटात, त्याने मागे ठेवलेलं. रीत वाईटच. पण हा गडी दिवसातून पाच वेळा जेवायचा आणि ताटात भरपूर टाकायचा. त्यामुळे त्या घरात ती रीत कधी कुणाला टोचली नव्हती.

एके दिवशी गावचा पाटील काठावर आला. नाव पाण्यात कडांपर्यंत बुडालेली. आत नावाडी, नावाडीण, एक म्हातारा आणि एक शेळी.

पाटील म्हणाला, "अरे, तू चढलास की नावेत मावतंय काय? एक माणूस आणि एक शेळी. ती शेळीसुद्धा देवाचं नाव घेत बसलेली असते! जत्रेला निम्मा मुलूख पलीकडे जाणार आहे. तोवर हलका झालास तर नाव तुझी. नाहीतर मी दुसरा नावाडी बघतो."

 नाव नावाड्याच्या बापाच्या हातची. तिच्यावाचून त्याला दुसरं काही येतही नव्हतं. तो तडक पलीकडच्या काठावरच्या वैद्यबुवांकडे गेला.

"खातोस किती?" वैद्यबुवांनी विचारलं.

"भूक लागेल तेवढं."

"आणि भूक लागते कधी?"

"ती जातच नाही हो, तर लागणार कधी?"

वैद्यबुवा हसले. म्हणाले, "ऐक. सूर्य चांगला वर आला की एकदा जेव, आणि सूर्य मावळायच्या आत एकदा. दोन्ही वेळा नीट, पोटभर. मधे पाणी. अंधार पडला की चूल विझव, आणि सकाळी ती पेटवायची घाई करू नकोस. पोटालाही झोप लागते, बाबा. बस, एवढंच. याच्यावर आपलं शहाणपण चालवू नकोस. घरी कोण कोण आहे?"

"कोणी नाही. बायको आहे."

घरी येऊन नावाड्याने एक युक्ती केली. तो आणि नावाडीण आपापल्या जागी बसली, आणि पाणी जिथवर आलं तिथे त्याने नावेच्या बाहेरच्या अंगाला चुन्याची रेघ ओढली. रेघ पाण्याच्या वर जितकी येईल, तितकं वजन उतरलं, असा हिशेब. रोज सकाळी दोघं नावेत बसत आणि तो वाकून रेघ बघे.

पहिले काही दिवस पोटाने आकांत मांडला. मग ते गपगुमान झोपायला शिकलं. हळूहळू रेघ बोटभर वर आली. नावाडी हरखला.

"अगं, बघितलंस का? उतरलो!"

"बरं झालं," नावाडीण म्हणाली. तीही आता दोनदाच जेवत होती, पण तेवढ्याने काही बिघडलं नव्हतं.

बिघडलं ते पुढे. नावाड्याला रेघेची चटक लागली. तो मनाशी म्हणाला, दोन वेळांनी बोटभर, तर एका वेळेने दोन बोटं. त्याने संध्याकाळचं जेवण सोडलं. मग एक दिवस जेवायचं आणि एक दिवस नुसत्या पाण्यावर काढायचा, असं सुरू केलं. जेवायच्या दिवशीही तो अर्धी भाकरी मागून घेई आणि ताट असं चाटूनपुसून ठेवी, की मुंगीने येऊन पाहावं आणि रागावून जावं.

वर त्याने ताकीद दिली, "भलत्या वेळी चूल पेटवू नकोस हं. भाकरीचा वास आला की माझं मन चळतं."

नावाडिणीने चूल पेटवली नाही. सूप पालथं घातलं आणि पिठाचं मडकं वरून नुसतंच पुसून ठेवलं.

त्या घरात 'जेवलात का?' हा प्रश्न एकाच बाजूने विचारला जायचा. ती त्याला विचारायची. त्याने तिला विचारल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

रेघ मात्र भराभरा वर येत होती. नावाडी शीळ घालत बांबू मारायचा. मागच्या बांगड्या हल्ली वाजत नाहीत, हे त्याच्या कानांनी टिपलं होतं. बायकोला काम अंगवळणी पडलं असेल, असं त्याला वाटलं. बांगड्या मनगट सोडून पार कोपराशी चढून बसल्या होत्या, हे त्याला कसं दिसणार? नावेत त्याचं तोंड सदा पुढे, आणि घरी डोळ्यांसमोर नुसती रेघ.

काठावर एक बगळा एका पायावर उभा असे. तो एके सकाळी म्हणाला, "नावाड्या, तू पुढे उभा राहतोस. पुढचं ओझं उतरलं तर नावेचं मागचं टोक खाली बसायला हवं. ते वर का येतंय रे?"

"बगळोबा, तू मासे बघ," नावाडी म्हणाला. "नाव माझी, रेघ माझी आणि उपासही माझा!"

बगळ्याने दुसरा पाय खाली टेकला. असं तो फार क्वचित करी.

जत्रेचा दिवस उजाडला. पाटील स्वतः काठावर उभा. नावेत बायाबापड्या चढल्या, पोरं चढली, पाळण्यासकट एक पाळणेवाला चढला, आणि तरी रेघ पाण्यावर लखलखत होती. काठावर एकच गलका झाला.

"शाबास रे गड्या!" पाटील ओरडला. "नाव तुझीच!"

भर नदीत नावाड्याची छाती फुगली. हे सांगायला म्हणून तो मागे वळला, कित्येक दिवसांत पहिल्यांदा.

सुकाणूवर वाळल्या गवताची पेंढी टेकून ठेवावी, तशी नावाडीण टेकलेली होती. डोळे तेवढे त्याच्याकडे बघत होते.

पलीकडे लागताच त्याने तिला उचललं. उचलताना जोरच लागला नाही. त्याने धावत तिला वैद्यबुवांच्या ओट्यावर नेऊन ठेवलं. वैद्यबुवांनी नाडी धरली आणि बराच वेळ सोडली नाही.

"पथ्य तुला सांगितलं होतं. हिने उपास कशाला धरला?"

"हिने कुठे धरला, वैद्यबुवा?"

नावाडीण हळूच म्हणाली, "हे जेवल्याशिवाय मी कशी जेवणार?"

वैद्यबुवांच्या घरातून पेज आली. वाटी ओठांशी नेली, तर तिने मान फिरवली. "आधी... हे जेवले का?"

मग त्या नावाड्याने काय करावं? तो आतून भाताचं ताट मागवून मांडी घालून बसला आणि जेवू लागला. रडत रडत मोठमोठे घास घेऊ लागला. "बघ गं, जेवतोय. हे बघ, पोटभर जेवतोय. आता तू घे." सारी जत्रा वाजतगाजत समोरून चालली होती आणि हा बाप्या भातात आसवं गाळत होता.

त्याचं जेवण झालेलं बघून ती समाधानाने हसली. तिने दोन घोट पेज घेतली. पण शरीराला आता अन्नाची ओळख उरली नव्हती. दिवेलागणीच्या आधी ती गेली.

दुसऱ्या सकाळी नावाडी एकटाच नावेत जाऊन उभा राहिला. सवयीने वाकला. काल सकाळी दोघं बसली होती तेव्हा पाणी जिथे होतं, आजही ते तिथेच होतं. रेघ तसूभरही हलली नव्हती; कालही नावेला तिचं ओझं उरलेलं नव्हतं.

काठावरच्या बगळ्याने मान पंखात घातली. त्या दिवसापासून बगळे काही बोलत नाहीत.

नावाडी मात्र पुढे पुष्कळ वर्षं नाव चालवत राहिला. तो बेताचं जेवायचा, दोन वेळा. पण कुणी पुरुष नावेत चढला की तो आधी विचारायचा, "घरातली माणसं जेवली का?" उत्तर आल्याशिवाय तो दोर सोडत नसे. घाईतले लोक चिडायचे, शिव्या द्यायचे. काहीजण मात्र खाली उतरायचे आणि घराकडे परत जायचे.

म्हणून आपलं ओझं उतरवायला निघालेल्याने आधी मागे वळून बघावं, ते दुसऱ्या कुणाच्या अंगातून तर उतरत नाही ना.