कोट काढून बसायची पायरी

मंडळी, ही वाइडरबाखच्या चर्चची खालची पायरी. फोटो खुशाल काढा. फक्त इथे बसून उगाच मान डोलावू नका. आपण मराठी माणसं त्यात पटाईत, कळो न कळो, मान आपली चालूच. या गावात तसली मान मोजत नाहीत. का ते ऐका.

लक्झेंबर्ग देश केवढासा, पण इथे कायदा लिहायचा फ्रेंचमध्ये, शाळेत अक्षरं गिरवायची जर्मनमध्ये आणि घरात, गोठ्यात, भांडणात बोलायचं ते लक्झेंबर्गी. फार पूर्वी इथे माथेस नावाचा कारकून होता म्हणे. याच गावचा, विधवेचा एकुलता एक मुलगा. सरकारी झगा अंगावर असेपर्यंत फ्रेंचशिवाय दुसरी भाषा तोंडातून काढणार नाही, अशी शपथ त्याला नेमणुकीच्या दिवशी घ्यावी लागली होती.

एका रविवारी त्याने याच पायऱ्यांवर उभं राहून फ्रेंचमध्ये हुकूम वाचला. वरच्या तळ्याचा पाणी सोडायचा दरवाजा उद्या सकाळी उघडणार आहे, नदीकाठच्या घरांनी आजच वर यावं. गावकऱ्यांनी टोप्या काढल्या आणि अदबीने माना डोलावल्या. सरकारी माणूस बोलताना मान डोलवायची, ही तेव्हाची रीत. माथेसला वाटलं, सगळ्यांना कळलं. त्याची आई मार्यान तर सगळ्यांत पुढे उभी राहून मान डोलावत होती. तिचं घर नदीला अगदी लागून.

सकाळी दरवाजा उघडला. वरून गडगडाट आला तशी काठावरची माणसं जीव घेऊन पळाली. मार्यानला कमी ऐकू येई, ती खिडकीशी बसून भाजी निवडत होती. माथेस झगा सावरत उतारावरून धावत आला आणि जोरात ओरडला, फ्रेंचमध्ये. आईने वर पाहिलं. लेकाचा तो रुबाबदार आवाज ऐकून ती हसली आणि तिने मान डोलावली.

असं सांगतात, की माथेसने तिथेच झगा ओरबाडून काढला आणि पाण्यात भिरकावला. शपथ गेली, नोकरी गेली. "आई, पाणी आलं गं, ये लवकर!" तो लहानपणच्या बोलीत ओरडला, तशी ती मांडीवरची भाजी टाकून उठली. लेकाने तिला पाठीवर घेतलं. दोघं या पायरीवर पोचली आणि मागून आलेलं पाणी पायरीच्या कडेशीच थबकलं म्हणे. खरंखोटं नदीला ठाऊक, पण माझा विश्वास आहे.

"मला का नाही सांगितलंस, कळलं नाही म्हणून?" माथेस रडत विचारत होता. म्हातारी म्हणाली, "तू इतकं छान बोलत होतास रे. मध्ये कसं थांबवू?"

सरकारने त्याला काढलं. गावाने ठेवून घेतलं, बिनझग्याचा कारकून म्हणून.

आजही कुठलीही सरकारी सूचना आली, की कारकून ती फ्रेंचमध्ये वाचतो, मग कडाक्याच्या थंडीतही कोट काढतो, या पायरीवर बसतो आणि घरच्या बोलीत सांगतो. काय कळलं ते ऐकणाऱ्याने आपापल्या भाषेत बोलून दाखवायचं. हल्ली कामानिमित्त इथे येऊन राहिलेल्या पोर्तुगीज बायका मोठ्या आवाजात सांगतात.

मी लग्न होऊन या गावात आले, त्याच हिवाळ्यात नळाच्या पाण्याबद्दल काहीतरी सूचना होती. सगळ्यांचं सांगून झालं आणि कारकून माझ्याकडे बघू लागला. मला दुसरं काही येतच नव्हतं, म्हणून मराठीतच म्हणाले, "मला काही कळलं नाही हो." लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो मात्र सरकून बसला, मला शेजारी जागा केली आणि बिनकोटाचा कुडकुडत, हातवारे करत पहिल्यापासून सांगायला लागला. बर्फ पडत होतं. मला समजेपर्यंत गावातलं एकही माणूस घरी गेलं नाही.