आव्यावरची डहाळी

गावाचा न्याय वडाच्या पारावर होत असे, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट.

एका गावाला आपल्या पाराचा मोठा अभिमान होता. तिथून कुणाचीही फिर्याद परत जात नसे. फिर्याद आली की पंच वादातल्या वस्तूवर कडुनिंबाची डहाळी बांधत. निकाल लागेपर्यंत त्या वस्तूला कुणी हात लावायचा नाही. रीत चांगली होती. पण चांगली रीत नीच माणसाच्या हाती लागली की तिची सुरी होते.

गावात एक विधवा कुंभारीण होती. तिची मडकी हातोहात खपत, शेजारच्या कुंभाराची पडून राहत. हा शेजारी पारावर गेला. म्हणाला, "हिचा मडकी भाजायचा आवा माझ्या जागेत आहे."

डहाळी बांधली गेली, आवा विझला. पंचांनी जागा मोजली. फिर्याद खोटी निघाली, पण तोवर मडकी खपायची यात्रा उलटून गेली होती.

मग म्हणे, धुराने माझी गाय आटली. तीही फिर्याद खोटी. तोवर वळवाच्या सरीत बाईची कच्ची मडकी विरघळली. मग पुन्हा तीच जागेची फिर्याद. हा गडी दर वेळी हरायचा आणि हसत घरी जायचा. आणि पंच? ते मिशांना पीळ देत बाईला म्हणायचे, "तुझ्याच बाजूनं निकाल लागला की!" लाज कशी वाटली नाही त्यांना?

पावसाळा तोंडावर आला आणि शेजारी पुन्हा पारावर उभा राहिला. या वेळी बाईही आली. तिने पंचांपुढे एक कच्चे मडके ठेवले आणि त्यात पाणी ओतले. बघता बघता मडके बसले. चिखल पंचांच्या धोतरापर्यंत वाहत गेला.

"हा तुमचा न्याय," ती म्हणाली. "निकाल माझा, आणि चिखलही माझाच."

सगळ्यात म्हातारे पंच उठले. त्यांनी डहाळी खाली ठेवली.

शेजारी ओरडला, "ऐकून तरी घ्या! माझा हक्क आहे."

"ऐकलंय. तीच फिर्याद नवा सदरा घालून आलीय. तुला न्याय नकोय, तुला हिची चूल विझवायचीय. आता डहाळी तुझ्या आव्यावर. हिची जितकी मडकी गेली तितकी हिच्या अंगणात बसून घडव, मगच डहाळी सुटेल. आणि पंचहो, भाजायला लाकडं आपण वाहायची. डहाळी आपण बांधली होती."

शेजारी माती तुडवू लागला. पंच मोळ्या वाहू लागले. बाई एकेक मडके वाजवून घेत होती, आणि कच्चे निघाले की पुन्हा मातीत टाकत होती.

तात्पर्य: न्यायाचे दार सर्वांना उघडे असावे, पण दुसऱ्याला छळण्यासाठी जो पुन्हापुन्हा तिथे येतो, त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवणे हाही न्यायच.