हेव्याचा ठोका

“मी जळते तुझ्यावर? मी? अगं, जळण्यासारखं तुझ्या घरात आहे तरी काय?”

“मग माझ्या दारातल्या फणसाला फळं लागली, तेव्हा अख्खा पावसाळा तोंड फिरवून बसली होती ती कोण, पारूबाई?”

“ते वेगळं. त्या फणसाची एक फांदी माझ्या बाजूला होती.”

“बघा, अजून धगधगतंय!” शेवंता शेलारने हातातला हातोडा पुढे केला. “घे बाई. हा मान तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचा नाही.”

“मान कसला? चारचौघांत मला हेवेखोर ठरवतेस आणि वर मान म्हणतेस?”

शेवंताचं नवं घर बांधून झालंय. अंगणात एक ओंडका आडवा टाकलाय, त्यावर आढ्याचा टोप ठेवलाय, शेजारीपाजारी जमलेत, आणि शेजारीण पारूबाई काही केल्या हातोडा हातात घेईना. झांजोळ्यात हे भांडण नवीन नाही. ज्या ज्या घराला टोप चढला, त्या त्या घरी असंच झालंय.

झांजोळं घाटमाथ्यावर, खिंडीच्या अगदी तोंडाशी वसलंय. कोकणातून वर चढणारा वारा आधी या गावाला भेटतो आणि मग पुढे जातो. म्हणून इथल्या प्रत्येक छपराला टोप आहे. छपराचे दोन उतार वर मिळतात ते आढं. त्या आढ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत धातूचा पत्रा दुमडून बसवलेला. जुन्या घरांवर तांब्याचा, नव्यांवर जस्ती. पण गुळगुळीत टोप गावात शोधून सापडायचा नाही. सगळ्यांच्या अंगावर ठोके. पाहुण्यांना वाटतं, गारा पडल्या असतील. गारा नाहीत. टोप वर चढवण्याआधी, आपल्यावर सगळ्यांत जास्त जळणाऱ्या माणसाला घरी बोलवायचं, त्याच्या हाती हातोडा द्यायचा आणि पहिला ठोका त्याला घालू द्यायचा, उरलेले कारागिराने घालायचे, अशी इथली रीत आहे. बोलावलं म्हणून रुसणारे आहेत, तसे बोलावलं नाही म्हणून रुसणारेही आहेत. “माझ्या जळण्याला काही किंमतच नाही का?” असं म्हणून एक गृहस्थ भावकीतल्या लग्नाला गेले नव्हते.

ही रीत कुठून आली ते जुनी माणसं भोवराईच्या देवळात नेऊन सांगतात. आधी मान वर करून आढ्याकडे बघायला लावतात, मग पायरीवर बसवतात.

फार मागे या गावात तांबटांचं एकच घर होतं, असं सांगतात. पुरुष भांडी घेऊन खालच्या बाजारांना फिरायचे, घरी भट्टी चालायची. दिवसभर त्या घरातून मठारण्याचा आवाज येई. तांबं तापवलं की मऊ पडतं. म्हणून भांडं घडून झालं की त्याच्या अंगभर एकाला लागून एक ठोके घालायचे, म्हणजे ते कडक होतं. हेच मठारणं. न मठारलेलं भांडं त्या घराच्या उंबऱ्याबाहेर जात नसे.

त्या घरात दोन जावा. थोरली ठकूबाई, धाकटी गोजरा.

ठकूबाईचा नवरा लवकर गेला. त्या काळी बाईच्या हाती भाता द्यायचे, हातोडा द्यायचे नाहीत. ठकूबाईने तो घेतला. सासऱ्याने शिकवलं नाही, दिराने तर हसून घेतलं. राख काढायच्या निमित्ताने ती भट्टीपाशी बसायची आणि बघायची. घरात कुणी नसलं की करून बघायची. बोटं ठेचून घेतली, केलेली भांडी गळकी निघाली म्हणून मोडून टाकली, पुन्हा केली. आणि एक दिवस तिच्या हातच्या हंड्यात पाणी टिकलं. असं शिकलेलं माणूस कुणाचे उपकार मानत नाही, आणि ज्याला आयतं मिळालं त्याला माफही करत नाही.

मग गोजरा त्या घरात सून होऊन आली. तिचा बाप तांबट, आणि त्याला मुलगा नव्हता. त्याने लेकीला मांडीवर बसवून, तिच्या मुठीवर आपली मूठ ठेवून हातोडा धरायला शिकवला होता. गोजरा काम करताना गाणं म्हणायची. ठकूबाईला ते गाणं सोसायचं नाही. गोजराकडे नुसतं रूप असतं, दागिने असते, तर तिने ढुंकूनही पाहिलं नसतं. पण जे आपण बोटं ठेचून मिळवलं ते हिला लाडात मिळालं, हे तिच्या घशाखाली उतरेना. गोजराने हंडा केला की ठकूबाई तो पालथा घालून बुडाशी खोट शोधायची. खोट सापडली नाही, तर त्या दिवशी तिला जेवण जात नसे, म्हणे.

तेव्हा भोवराईच्या देवळावर साधी कौलं होती. खिंडीतला वारा दरवर्षी आढ्यावरची कौलं उचलून न्यायचा आणि देवी भिजायची. शेवटी गावाने ठरवलं, आढ्याला तांब्याचा टोप घालायचा. घरोघरची फुटकी भांडी गोळा झाली. तांबटांच्या दोघी सुनांना सारखं तांबं वाटून दिलं. दोघींनी एकेक टोप करावा. उजवा ठरेल तो देवळावर, दुसरा तांबटांच्या घरावर.

ठकूबाईला फार काही नको होतं. देवळाच्या डोक्यावर आपल्या हातचं काम बसावं, खालून जाणाऱ्या वाटसरूने विचारावं, हे कुणी केलं, आणि उत्तरात आपलं नाव यावं. आयुष्यात तिचं नाव घेऊन कुणी काही दाखवलं नव्हतं.

तिने टोप घडवला, आणि मग घासायला बसली. चिंच लावली, राख लावली, तांब्यात तोंड दिसेपर्यंत हात थांबवला नाही. सकाळी उठून पाहते, तर गोजराचा टोप आपल्याहून लखलखीत. तिने पुन्हा घासला. पुन्हा गोजराचा पुढे. ठकूबाईला वाटलं, हिला कष्ट म्हणून पडत नाहीत, हिच्या हातात जन्मतःच सगळं आहे. ती आणखी जळली आणि आणखी घासत राहिली. शेवटी असे दोन टोप तयार झाले की त्यांच्याकडे उन्हात बघवेना.

गावकऱ्यांनी दोन्ही पाहिले. गुरव एकापुढून दुसऱ्यापुढे जात राहिला आणि म्हणाला, “काम दोन्ही चांगलं. पण धाकटीच्या टोपात तोंड जास्त स्वच्छ दिसतं.”

झालं. एवढ्यावर निकाल लागला.

टोप चढवायच्या दिवशी देवळापुढे गाव जमलं. छपराच्या कामातून उरलेला सागाचा ओंडका अंगणात होता, त्यावर गोजराचा टोप पालाण घातल्यासारखा ठेवला होता. ठकूबाई गर्दीतून पुढे आली.

“पत्रा म्हणायचा की पापड?” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली.

“जाऊबाई, तुमच्या नि माझ्या पत्र्याची जाडी एकच आहे,” गोजरा म्हणाली.

“जाडी एक असेल, हात एक आहे का? माझा हात माझा आहे. तुझा तुझ्या बापाचा. तो म्हातारा उद्या गेला की तुझ्या हातात काय उरणार?”

इतके दिवस गोजराने पुष्कळ ऐकून घेतलं होतं. पण बाप काढल्यावर तिच्याने राहवलं नाही. तिने कामाचा हातोडा उचलला आणि ठकूबाईच्या पायाशी टाकला.

“एवढं डोळ्यांत खुपतंय ना? मग हाणा. गावासमोर हाणा. मोडला तर तुमचा चढवा, आणि नाही मोडला तर पुन्हा माझ्या बापाचं नाव घेऊ नका.”

लोकांना वाटलं, आता थोरली ओशाळेल आणि मागे सरेल. ठकूबाईने पदर खोचला आणि हातोडा उचलला.

पहिल्या ठोक्याला देवळातले पारवे उडाले, असं सांगतात. मग तो हात थांबला नाही. त्या गाण्याच्या नावाने ठोके पडले, त्या मांडीवर बसवणाऱ्या बापाच्या नावाने पडले, खोट न सापडलेल्या हंड्यांच्या नावाने पडले. या टोकापासून सुरुवात करून ती त्या टोकाला गेली, आणि दुसऱ्या अंगाने परत आली. पण ओंडका भक्कम होता आणि तांबं चिवट. टोपाला पोचे पडले, चीर गेली नाही. उन्हं कलली तेव्हा ठकूबाईचा हात उचलेना. तिने हातोडा टाकला. टोपाचं अंग देवी येऊन गेलेल्या माणसाच्या वणांनी भरलेल्या तोंडासारखं झालं होतं; आता त्यात कुणाचंच तोंड दिसत नव्हतं. पण टोप अखंड होता.

लोक ठकूबाईला नाही नाही ते बोलले. गुरव मात्र एवढंच म्हणाला, “शब्द ठरला होता. मोडला नाही, तेव्हा हाच चढेल.” आणि पोच्यांसकट तो टोप देवळावर चढला.

ठकूबाईने आपला टोप घरावर चढवला. तिला वाटलं, आता घाट चढून येणाऱ्याला एकच टोप चमकताना दिसेल, आणि तो आपला. तसा तो दिसायचाही. पण लोक त्याच्याकडे पाहून मान वळवायचे, आणि देवळाकडे बघून हळहळायचे, बिचारी गोजरा, काय सुंदर काम केलं होतं पोरीने. कौतुक तिकडे गेलं होतं, आता कीवही तिकडेच गेली. ठकूबाई आपल्याच टोपाखाली बसून जळत राहिली.

आषाढ अर्ध्यावर आला आणि एका दुपारी खिंडीतून वारा सुटला. तसा वारा त्याआधी आला नव्हता आणि नंतरही आला नाही, म्हणे. गुरं गोठ्यात ओरडू लागली, घराघरावरची कौलं उडू लागली. आणि ठकूबाईच्या डोक्यावर तिचा टोप वाजू लागला. आधी हलकी थरथर, मग फडफड, जसा दोरीवरचा पदर फडफडावा तशी. गुळगुळीत, मऊ तांबं ते. वाऱ्याला कडेखाली बोट घालायला जागा मिळाली. कड उचलली गेली, पत्रा सोलत गेला, खिळे निघाले आणि अख्खा टोप दरीत गेला. पुढे तो एका सुरुंगीच्या झाडावर विड्यासारखा गुंडाळलेला सापडला. आढं उघडं पडल्यावर दोन्ही उतारांची कौलं जायला वेळ लागला नाही.

सारं गाव देवळाकडे धावलं. देवळाचा टोप वाजत नव्हता. खडखड नाही, थरथर नाही. आत देवीपुढचा दिवासुद्धा विझला नव्हता.

ठकूबाई सगळ्यांच्या मागून आली आणि पायरीपाशी थांबली. आत जाईना. पाऊस तिच्या अंगावर फोडून काढल्यासारखा पडत होता. गोजरा दारात आली.

“जाऊबाई, आत या.”

“तुझ्या टोपाखाली? मेले तरी यायची नाही.”

“माझा कुठला?” गोजरा वाऱ्यावर ओरडून म्हणाली. “माझा असता तर तुमच्या टोपामागोमाग दरीत गेला असता. साधा तांब्यासुद्धा आपण मठारल्याशिवाय विकत नाही, आणि टोप दोघींनी तसाच सोडला, नुसता आरसा करून. माझा तुम्ही मठारलात म्हणून राहिला.”

“मी मठारला नाही!” ठकूबाई ओरडली. “मी मोडायला हाणत होते. जे केलं नाही ते माझ्या नावावर घालू नकोस. भीक नको मला.”

“मोडायला हाणत होतात ते मला दिसत नव्हतं का? पण मठारायचा सोडून मी घासत का बसले, ते विचारा की.”

“का?”

गोजरा उंबऱ्यापर्यंत पुढे आली. मग म्हणाली, “तुमचा चमकताना पाहिला म्हणून. मला सगळं बापाने दिलं. तुम्हाला कुणीच काही दिलं नाही, तरी तुमचा टोप तसा झाला. ते मला बघवेना. तुम्ही झोपलात की मी उठून घासायचे.”

ठकूबाई तिच्याकडे बघत राहिली. आपल्यावरही कुणी जळत असेल, हे जन्मात तिच्या मनात आलं नव्हतं. तिने कपाळावरचं पाणी निपटलं, वर आढ्याकडे पाहिलं, आपलेच ठोके खालून दिसतात का ते बघावं तसं, आणि पायरी चढून आत आली. गोजराच्या शेजारी बसली. आणि एकच वाक्य बोलली. त्या वाक्यानंतर त्या दोघींचं भांडण पुन्हा कुणी ऐकलं नाही, असं सांगतात. हेवा गेला होता असं मात्र कुणी सांगत नाही.

आजही भोवराईच्या आढ्यावर तो काळवंडलेला, पोचे पडलेला टोप आहे, आणि वारा कितीही आला तरी तो वाजत नाही. आजही झांजोळ्यात टोप करणारा कारागीर पत्रा गुळगुळीत ठेवत नाही, आणि पहिला ठोका स्वतः घालत नाही. ठोका घालणाऱ्याने ठकूबाईचं ते वाक्य म्हटल्याशिवाय टोप वर जात नाही.

शेवंताच्या अंगणात पारूबाईने आणखी थोडे आढेवेढे घेतले. फणसाच्या फांदीचा विषय पुन्हा एकदा निघाला. मग तिने पदर खोचला, हातोडा हिसकावून घेतला आणि असा ठोका हाणला की झाडावरचे कावळे उडाले. पोचा चांगला खोल पडला. शेवंताने वाकून त्यावर हात फिरवला, आणि सगळे पारूबाईच्या तोंडाकडे बघू लागले. ठकूबाईने देवळात गोजराला जे सांगितलं होतं, तेच ती शेवंताच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाली:

“माझं जळणं काही सुटायचं नाही, तेव्हा पुढचा टोप केलास की मला बोलाव, आणि हातोडा याहून जड आण.”