मुठीतलं मीठ

खाडीच्या काठावरच्या एका गावात करमणुकीची एक बाग होती. तिच्यात आकाशपाळणा होता, झुकझुक गाडी होती, तळ्यात होड्या होत्या. पण बागेचं नाव पंचक्रोशीत झालं होतं ते मीठदालनामुळे.

मीठदालन म्हणजे एक मोठी अंधारी खोली. तिथे माणसाच्या उंचीच्या हलत्या बाहुल्यांचा खेळ चाले. इंग्रजांच्या राज्यात याच गावातल्या बायकांनी सरकारची मनाई मोडून खाडीतलं मीठ उचललं होतं. मुठीत मीठ घेऊन त्या बाजारपेठेकडे चालत निघाल्या. वाटेत शिपायांनी काठ्या चालवल्या. पुष्कळ जणींच्या मुठी बळजबरीनं उघडल्या. द्वारकाबाई नावाच्या कोळणीची मूठ मात्र उघडली नाही. मनगट मोडलं, तरी तिनं मीठ बाजारात नेऊन ठेवलं. बाहुल्या हाच प्रसंग करून दाखवत. बागेचे मालक दिगंबर केळुसकर यांनी तो मोठ्या हौसेनं उभा केला होता. खेळ संपला की लोक डोळे पुसत बाहेर पडत.

पुढे दिगंबरराव वारले. बाग त्यांच्या मुलीकडे, मृदुलाकडे आली. धाकटा भाऊ सतेज तिच्या मदतीला होता.

तोवर बाहुल्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. अंगावरच्या रंगाचे पोपडे निघाले होते. कहाणी सांगणारा आवाज घोगरा झाला होता. शिपायाची काठी कधी खाली यायची, कधी अर्ध्यावर अडकून थरथरत राहायची. त्यात हमरस्त्यावर एक नवी मोठी बाग झाली आणि गर्दी तिकडे वळली. मीठदालनात जे कुणी येत ते उन्हातून सुटका म्हणून. पंख्याखालच्या बाकावर ते निवांत डुलकी काढत.

एक दिवस सतेज म्हणाला, "ताई, हे दालन पाडू आणि तिथे पाण्याची मोठी घसरगुंडी बांधू. नाहीतर बागेलाच कुलूप लागेल."

मृदुलानं अजून काहीच ठरवलं नव्हतं. पण बातमी गावात पोचली. दुसऱ्याच दिवशी बागेच्या फाटकावर मोर्चा आला. पुढे होते भाऊसाहेब पेडणेकर. ते शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक आणि गावाच्या स्मारक समितीचे अध्यक्ष. स्वातंत्र्यदिनाचं भाषण त्यांनीच करायचं असा गावाचा रिवाज होता. मृदुला त्यांच्याच शाळेत शिकली होती.

"मृदुला, दालनाच्या एका खिळ्यालाही हात लावायचा नाही!" भाऊसाहेब गरजले. मागून घोषणा उठल्या.

घोषणा थांबेपर्यंत मृदुला उभी राहिली. मग तिनं विचारलं, "भाऊसाहेब, तुम्ही दालन शेवटचं कधी पाहिलंत?"

भाऊसाहेबांना आठवेना. त्यांनी मागे वळून पाहिलं, तर मागचे लोक एकमेकांकडे पाहत होते.

"येत्या रविवारी या," मृदुला म्हणाली. "सगळे या. घरातल्या मुलांना घेऊन या. आधी खेळ बघा, मग मला सांगा काय करायचं ते."

रविवारी मोर्चातले फार थोडे आले. कुणाच्या घरी पाहुणे होते, कुणाला गावाला जायचं होतं. भाऊसाहेब मात्र आले. सोबत त्यांची नात तनया होती. आजोबा तिला वाटेभर द्वारकाबाईंची गोष्ट सांगत आले होते.

दिवे मंदावले. खेळ सुरू झाला. बाहुल्या धक्के खात पुढे सरकल्या. शिपायाची काठी वर गेली आणि द्वारकाबाईच्या बाहुलीवर आली. त्यासरशी बाहुलीची मूठ उघडली. हातातलं मीठ फरशीवर सांडलं.

बाकावरची मुलं खदखदून हसली. बाहुलीच्या हातातली स्प्रिंग कधीच सैल झाली होती. मृदुलानं ती पुन्हा पुन्हा दुरुस्त करून घेतली होती, तारेनं बांधूनही पाहिली होती. पण तसले भाग आता कुणी बनवत नव्हतं. बांधलेली तार चार खेळांत तुटायची.

तनया हसली नाही. ती म्हणाली, "आजोबा, ती घाबरली. तिनं मूठ सोडली."

"नाही गं! सोडली नव्हती तिनं."

"मग इथे असं का दाखवतात?"

दिवे लागले तेव्हा भाऊसाहेब अजून बाकावरच बसले होते. चेहरा उतरला होता, पण हट्ट गेला नव्हता. मृदुला जवळ येताच ते म्हणाले, "दुरुस्त कर. हवं तर नव्या बाहुल्या आण. पण दालन पाडू नकोस. ही आमच्या अभिमानाची जागा आहे."

"नव्या बाहुल्याही म्हाताऱ्या होतील, भाऊसाहेब. आणि तेव्हाही बघायला कुणी येणार नाही." मृदुलाचा आवाज चढला नव्हता, पण त्यात माघार नव्हती. "उद्यापासून दालन बंद. लोक येत नाहीत म्हणून नव्हे. द्वारकाबाईंनी जी मूठ मनगट मोडलं तरी उघडली नाही, ती आपण इथे दर खेळाला उघडतोय. माझ्या बागेत हे यापुढे होणार नाही."

सतेज खूश झाला. "म्हणजे घसरगुंडी ठरली!"

"घसरगुंडी तळ्याच्या बाजूला बांध. ही जागा द्वारकाबाईंची आहे आणि त्यांचीच राहील."

झालं! एका वाक्यात मृदुलानं दोन्ही बाजूंचा राग ओढवून घेतला. सतेज म्हणाला, ताईला व्यवहार कळत नाही. स्मारक समिती म्हणाली, हिनं बापाचं नाव बुडवलं. बागेच्या भिंतीवर कुणीतरी कोळशानं 'गद्दार' असं लिहिलं. मृदुलानं फडकं घेतलं, स्वतः ते अक्षर न् अक्षर पुसलं आणि कामाला लागली.

तिनं दालनाचं छप्पर उतरवलं, भिंती काढल्या. द्वारकाबाईची बाहुली तेवढी ठेवली. तिच्या हातातलं यंत्र काढून टाकलं, मूठ कायमची मिटवली आणि तिला प्रवेशद्वाराशी उभं केलं. ती आता हलत नव्हती. मोकळ्या झालेल्या जागेत मृदुलानं एक लहानसं मिठागर आखलं. बागेची मागची हद्द खाडीलाच लागून होती. भरतीचं पाणी चर खणून वाफ्यांत घेतलं. पहिल्यांदा नुसता चिखल झाला. दुसऱ्यांदा मीठ आलं ते काळं, मातीनं भरलेलं. सतेज म्हणाला, "ताई, अजून वेळ गेलेली नाही, सोड हे." मृदुला पलीकडच्या गावातल्या मिठागरांवर गेली. जमीन पायानं कशी तुडवून घट्ट करतात ते बघून आली आणि माणसं लावून पुन्हा सुरुवात केली. शेवटी एका दुपारी वाफ्यात पांढरी साय धरली. ती पाहून सतेज चप्पल काढून वाफ्यात उतरला. त्यानं मीठ चिमटीत धरलं आणि बहिणीकडे पाहून हसला. त्या दिवसापासून तोही तिच्याबरोबर राबू लागला.

मिठागरापासून एक उन्हातली वाट काढली. वाटेच्या टोकाला एक छोटा बाजार उभारला. खेळ सोपा होता. मुलांनी वाफ्यातलं मीठ मुठीत घ्यायचं आणि चालत बाजारात पोचायचं. वाटेत शिपाई अडवणार. त्यानं मारायचं नाही, हात लावायचा नाही. पण दरडावायचं, भीती घालायची, गोळ्या-बिस्किटांचं आमिष दाखवायचं. मूठ उघडली तर परत मिठागरापाशी जायचं आणि नव्यानं निघायचं.

मदतीला स्वयंसेवक हवेत, असं मृदुलानं गावात कळवलं. माणसं आली, पण प्रत्येकाला सत्याग्रही व्हायचं होतं. इंग्रजांचा शिपाई व्हायला कुणी तयार होईना. गावात तोंड कसं दाखवायचं, असं जो तो म्हणू लागला. खेळ सुरू व्हायचा दिवस उजाडला. शाळेची मुलं फाटकाशी येऊन थांबली, आणि शिपायाची टोपी तशीच खुर्चीवर पडून होती.

तेवढ्यात भाऊसाहेब आत आले. इतके दिवस ते बागेकडे फिरकले नव्हते. ते प्रवेशद्वाराशी थांबले आणि मिटलेल्या मुठीकडे बराच वेळ बघत राहिले. मग सरळ मृदुलापाशी गेले.

"शिपाई मिळाला का?"

"नाही, भाऊसाहेब."

"दे ती टोपी इकडे."

मृदुला चपापली. "लोक हसतील तुम्हाला."

"हसू देत. घोषणा द्यायला गावात पुष्कळ माणसं आहेत. हे काम कुणालाच नको आहे, म्हणून मी करतो."

लोक हसलेच. स्वातंत्र्यदिनाला भाषण करणारे भाऊसाहेब इंग्रजांची टोपी घालून भर उन्हात उभे! समितीतल्या एकानं तर त्यांच्याशी बोलणं टाकलं. भाऊसाहेब हटले नाहीत. दर रविवारी ते वाटेवर उभे राहत. मिशा ताठ करून मुलांवर ओरडत, "ए, मूठ उघड! उघडतेस की नाही?" एखादं पोर मान हलवून "नाही उघडणार!" म्हणालं की त्यांना आवाज कडक ठेवणं अवघड जाई.

बागेत एकदम झुंबड उडाली असं काही झालं नाही. हमरस्त्यावरच्या बागेतली गर्दी तिथेच राहिली. पण शाळा येऊ लागल्या. आलेली मुलं घरच्यांना घेऊन पुन्हा येऊ लागली. मिठाच्या वाटेवर झोप काढणारं कुणी सापडेना.

एकदा लांबच्या गावाहून एक छोटी मुलगी आली. चिंगी तिचं नाव. सगळ्यात लहान असल्यानं ती चालताना सगळ्यांच्या मागे पडली. भाऊसाहेबांनी तिला दरडावलं. तिनं मूठ पोटाशी धरली. त्यांनी गोळी पुढे केली. तिनं गोळीकडे पाहिलं, आवंढा गिळला आणि चालू लागली. ऊन रणरणत होतं. इतर मुलं केव्हाच बाजारात पोचली होती. चिंगी पोचली तेव्हा घामानं निथळत होती.

तिनं मीठ ठेवायला मूठ उघडली. आत काहीच नव्हतं. घट्ट आवळलेल्या तळव्यातल्या घामानं मीठ विरघळून गेलं होतं. चिंगीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी सोडलं नव्हतं," ती हुंदके देत म्हणाली. "खरंच नव्हतं सोडलं."

भाऊसाहेब वाट सोडून तिच्या मागे आले होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. तिच्यासमोर गुडघे टेकून बसले. तिच्या ओल्या तळव्याला बोट लावलं आणि ते जिभेवर ठेवलं.

"खारट आहे," ते सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाले. "मीठ पोचलं!"

तात्पर्य इतकंच: थोरांची आठवण त्यांच्या जुन्या बाहुल्या राखून टिकत नाही, आणि त्या मोडून तिथे नुसती मौज आणली तरी टिकत नाही. थोरांनी जे सोसलं त्यातलं थोडंसं नव्या हातांना सोसू दिलं, तरच ती टिकते. ज्याला ती टिकावी असं मनापासून वाटतं, त्यानं घोषणा देऊन घरी जाऊ नये. तिच्यासाठी उन्हात उभं राहावं.