चांदण्याचा शेला

एका राज्यात चांदण्याचे शेले विणले जात. त्या राज्याच्या राजाची बहीण वैजयंती दूरदेशी मंत्रविद्या शिकून परतली. तिला वाटलं होतं, वेशीवरच भाची बकुळा धावत येईल, "आत्या, मला काय आणलंस?" म्हणत झोंबेल. वेशीवर कोणीच नव्हतं. ओट्यांवर सागरगोटे धूळ खात पडले होते. साऱ्या नगरीत एक मूल दिसेना.

"दादा, बकुळा कुठं आहे?"

राजानं खांद्यावरचा शेला सारखा केला. "विणशाळेत. चांदणं धरायला इवलीशीच बोटं लागतात, असं ती चालवणारा मायावी म्हणतो."

"आणि तू पाठवलीस?"

"साऱ्या नगरीनं पोरं पाठवली. राजानंच मागं राहायचं होय?"

विणशाळेच्या भिंतीवर साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "आलीस एकदाची! मायावी मुलांची नावं काढून रांजणात ठेवतो. बिननावाच्या मुलाला भूक कळत नाही, घर आठवत नाही. बारशाला जिनं कानात नाव सांगितलं, त्या आत्यानंच ते पुन्हा सांगावं लागतं. पण वाटेत तीन दारं आहेत, बाई."

"बाकीच्या आत्या आल्या नाहीत?"

"आल्या की! तिसऱ्या दारावरून माघारी गेल्या."

पहिल्या दारानं केस मागितले. तिनं दिले. दुसऱ्यानं विद्या मागितली. तीही दिली, सारे मंत्र विसरली. तिसऱ्या दारानं विचारलं, "तुझ्या खांद्यावरचा शेला कुणी विणला?"

दरसाल थंडीत दादा एक शेला धाडायचा. परदेशी बर्फात ती तो लपेटून निजायची, मैत्रिणींना कौतुकानं दाखवायची.

"विणकरांनी," ती म्हणाली. दार हललं नाही.

"बकुळेनं," ती म्हणाली. दार उघडलं.

आत पिकल्या केसांची, वाकल्या पाठीची लेकरं रांगेनं विणत होती. मायावी हसला. "ने ना! तुझी कोणती, ते ओळख."

तिला ओळखता येईना. सगळी सारखीच म्हातारी. मग ती एकेका कानाशी वाकली, बारशाला म्हणतात तसं म्हणत गेली, "कुर्रर्र... बकुळा." अगदी शेवटच्या रांगेत एक मान वर झाली.

तसा रांजण तडकला. नावं चिमण्यांसारखी उडून ज्याच्या त्याच्या कानात शिरली. मायावी धुक्यासारखा विरला. मुलांचे केस काळे झाले, ती घरोघर परतली. राजानं माग मोडले, शेले जाळले.

त्या संध्याकाळी वैजयंतीनं दूरदेशाहून आणलेला लाकडी राघू बकुळेच्या हाती दिला. तिनं तो उलटसुलट पाहिला आणि हळूच विचारलं, "आत्या, हा कधी पुरा करून द्यायचा?"

सकाळी दारात पालखी उभी राहिली. "जा, विद्या पुन्हा शिकून ये," राजा म्हणाला. "शाप तर सुटला."

बकुळा ओट्यावर बसली होती. तिची बोटं नसलेला धागा ओढत होती.

वैजयंतीनं पालखी परत धाडली. सागरगोट्यांवरची धूळ पदरानं पुसली, भाचीसमोर मांडी घातली आणि एक सागरगोटा वर उडवला. तो झेलायला बकुळेचा हात पुढे आला नाही. येईपर्यंत इथून उठायचं नाही, असं तिनं ठरवलं, आणि तो पुन्हा उडवला.