कुंडीवरचा पंजा

"फोडू का नको, तेवढं सांगा. बाकीचं ज्ञान नको मला."

शेवंता कमरेला पदर खोचून मठाच्या अंगणात उभी होती. मागं टेम्पोतून उतरवलेल्या सिमेंटच्या दोन कुंड्या. एक जुनी, झाडासकट. दुसरी नवी, ऐसपैस, रिकामी.

मठातल्या अक्का जमिनीवर बसून एक लहानशी कुंडी थापत होत्या. हात कोपरापर्यंत सिमेंटनं माखलेले. त्यांनी मान वर केली नाही.

"केली कुणी ती जुनी?"

"आमच्या मालकांनी."

मालक म्हणजे रामलिंग गवंडी. जाऊन चार पावसाळे झाले. शाळेच्या स्लॅबचा उरलेला माल त्यानं एकदा घमेल्यातून घरी आणला, फुटका माठ पालथा घालून त्यावर गिलावा चढवला आणि ही कुंडी केली. माठासारखीच झाली. पोट मोठं, तोंड बारीक. शिवाय तिच्या ओल्या पोटावर आपला उजवा पंजा दाबून बसला.

"अहो, काढा की! कातडं सोलंल!" शेवंता ओरडली होती.

"थांब गं... धरू दे जरा," म्हणून हसत राहिला होता.

त्या कुंडीत तिनं माहेरचा अनंत लावला. बहराला आला की सगळ्या गल्लीला वास. रामलिंग कामावरून यायचा आणि हातसुद्धा न धुता एक फूल तोडून तिच्या अंबाड्यात खोचायचा. पांढऱ्या फुलाला सिमेंटची बोटं लागायची. ती शिव्या घालायची.

आता घालायला कुणी नव्हतं.

आता ती स्वतःच कुंड्या करून विकत होती. आपल्यासारखी कुंडी सगळ्या तालुक्यात कुणाला जमत नाही, हेही तीच सांगत होती. पण घरचा अनंत पिवळा पडला. मुळांनी कुंडी गच्च भरली होती आणि त्या बारीक तोंडातून झाड निघेना. तिनं मोठी कुंडी केली, मुळांना बाधू नये म्हणून पाण्यात ठेवून तिचा सिमेंटचा खार काढला. झाड हलवायचं तर जुनी फोडायची, आणि तिथंच हातोडा अडत होता.

अक्कांनी अनंताकडं पाहिलं.

"मरतंय की गं."

"दिसतंय मला. डोळे हायत."

"मग?"

"मग काय मग! हात हाय त्यांचा तिच्यावर. रोज सांजच्याला त्यात हात घालून बसते मी. तो फोडू? ...तुम्ही 'नको' म्हणा, आत्ता टेम्पो वळवते."

"आणि झाड?"

"मरू दे! माणूस गेलं, आणि झाडाचं काय घेऊन बसलाय!"

बोलली, आणि तिचं तिलाच लागलं.

अक्का जरा बाजूला सरकल्या.

"ये. बस. हात ठेव हितं."

"माल ढिला केलाय तुम्ही. पाणी जास्त झालंय."

"असू दे. ठेव."

शेवंतानं नाक मुरडून ओल्या कुंडीवर पंजा दाबला.

"तसाच राहू दे," म्हणून अक्का उठल्या. त्यांनी अनंताला तांब्याभर पाणी घातलं. पिवळी पानं खुडली. मग येऊन पायरीवर बसल्या.

सिमेंट बोटांच्या चिरांत शिरलं.

"अक्का, झोंबतंय."

"झोंबू दे."

...

"अक्का, माल धरायला लागला. घट्ट होतोय."

"धरू दे की. ठसा पाहिजे ना तुला?"

"अहो, हात काढल्याबिगर ठसा दिसंल का कुणाला!"



शेवंता स्वतःच्या हाताकडं बघत राहिली... मग हळूच तो उचलला. राखाडी गिलाव्यात पाच बोटं उमटली होती. तिनं हौदावर जाऊन हात धुतला. बराच वेळ धुतला.

टेम्पोतून हातोडा आणला. पंजाच्या मागच्या अंगाला एकच घाव घातला.

कुंडी उलली. आत मुळांचाच माठ झाला होता, पांढरा, गच्च. शेवंतानं दोन्ही हातांनी तो तान्ह्या पोरासारखा उचलून ओल्या पोत्यावर ठेवला.

पंजाचा तुकडा अख्खा निघाला. तो तिनं छातीशी धरला. नाक वाहत होतं, पण आवाज चढाच होता.

"एवढा तर ठेवू? का हा बी सोड म्हणताय?"

अक्का नव्या कुंडीत वाकून बघत होत्या.

"सोडतीस कशाला? पाणी जायच्या भोकावर ठेवायला खापरी लागतीच की. घाल तळाला, आणि वर माती ओढ."